बाबांच्या वळणावर

पेंटरीणबाईला कुणी 'जरा लवकर होईल का हो' असं विचारलं, की ती ब्रश डब्यात ठेवायची आणि त्या माणसाकडे असं बघायची, की तो आपणहूनच 'नाही नाही, होऊ द्या सावकाश' म्हणत काढता पाय घ्यायचा. हा तोरा तिला शोभायचाही. हाताने बोर्ड रंगवणारं त्या भागात हे एकच दुकान उरलं होतं, आणि ते काही लोकांना दया आली म्हणून उरलं नव्हतं. औषधाचं दुकान असो, शाळा असो, गॅरेज असो, तिने भिंतीला ब्रश लावला की रस्त्यावरचे लोक दोन मिनिटं थांबून बघत. ती मात्र मागे वळून बघायची नाही. लोक बघताहेत हे तिला ठाऊक असायचं, तेवढं पुरे होतं.

दुकान मूळ बाबांचं. आता बाबा दारातल्या खुर्चीत बसून नुसत्या सूचना द्यायचे. त्यांना पार्किन्सन होऊन सहाएक वर्षं झाली होती. उजवा हात मांडीवर पडल्या पडल्या थरथरायचा, चाल मंदावली होती, आवाज खाली गेला होता. रोग लक्षात आला तोही धंद्यातूनच. एका लॉजचा बोर्ड शेवटाकडे इतका बारीक होत गेला, की मालकाने विचारलं, "पुढे जागा संपली का?" जागा ढीगभर होती. या आजारात लिहिता लिहिता माणसाचं अक्षर लहान होत जातं, हे तेव्हा डॉक्टरांकडून कळलं.

या दुकानाची एक रीत होती. भिंतीवर लिहायच्या आधी बाकीचे पेंटर दोन रेघा मारतात, एक खाली आणि एक वर, आणि अक्षरं त्यांच्यामध्ये बसवतात. बाबांच्या दुकानात फक्त खालची. खडू लावलेली दोरी ताणायची, टिचकी मारायची, उमटली रेघ. उंची नजरेने सांभाळायची. "वरची रेघ म्हणजे कुबडी," बाबा म्हणायचे. "पाय धड असताना कुबडी कशाला?" लेकीने हे वाक्य इतक्या वेळा ऐकलं होतं, की आता ती ते गिऱ्हाइकांना स्वतःचं म्हणून ऐकवायची.

तर एका सोमवारी वाचनालयाचे ग्रंथपाल दुकानात आले. वाचनालयाची रस्त्याकडची लांबच लांब भिंत नव्याने गिलावा करून तयार होती. तिच्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाचनालयाचं नाव लिहायचं होतं, माणसाच्या कमरेएवढ्या अक्षरांत.

"हातानेच हवंय," ग्रंथपाल म्हणाले. "स्टिकरवाले मागे लागलेत, पण आमच्या समितीला तुमचं काम आवडलंय. शुक्रवारी येऊन करार करा."

एवढी भिंत बाबांनाही उभ्या आयुष्यात मिळाली नव्हती. ती मोठ्या थाटात "बघते" म्हणाली आणि ग्रंथपालांची पाठ वळताच तिने बाबांसमोर चक्क उडी मारली.

दोन अक्षरांत किती अंतर सोडायचं याचा अंदाज घ्यावा म्हणून ती संध्याकाळी आपलंच सर्वांत लांबलचक काम बघायला गेली. औषधांच्या गोदामाची भिंत होती. शिडीवर उभं राहून अक्षर कळत नाही, ते समोरच्या फुटपाथवरून बघावं लागतं. तिने बघितलं. पहिलं अक्षर ताठ उभं होतं, मधली ठीक होती, पण शेवटची तीन हळूहळू बसत गेली होती. रस्ता ओलांडून तिने टेप लावली. चार बोटांचा फरक होता. मग ती गॅरेजच्या बोर्डाकडे गेली, तिथून बेकरीच्या. लहान बोर्डांवर फरक कमी होता, पण होता. जिथे जिथे नाव लांब होतं, तिथे तिथे शेवटची अक्षरं आकसली होती, आणि रंगवताना तिला ते कणभरही जाणवलं नव्हतं.

बाबांनाही लॉजचा बोर्ड रंगवताना जाणवलं नव्हतं.

त्या क्षणी तिला रक्ताची आठवण झाली. बाबा ज्या दवाखान्यात जात, तिथे एक डॉक्टरीणबाई संशोधन करत होत्या. ड जीवनसत्त्वाशी संबंध असलेलं एक जनुक आणि पार्किन्सन, यांचं काही नातं आहे का, हे त्या तपासत होत्या. त्यासाठी रुग्णाचं रक्त घेत, आणि तुलनेला त्याच घरात राहणाऱ्या, तेच अन्न खाणाऱ्या पण रक्ताचं नातं नसलेल्या निरोगी माणसाचं. म्हणजे बहुतेक वेळा नवऱ्याचं किंवा बायकोचं. मुलांना हवं असेल तर त्यांचंही. बाबांनी दिलं, आईने दिलं, आणि हिनेही बाही वर केली होती. "निकाल कळवायचा का?" असं विचारल्यावर तेव्हा ती म्हणाली होती, "मला काय करायचाय? माझा हात बघा की!"

मंगळवारी ती एकटीच दवाखान्यात गेली.

"तो फरक तुमच्यात आहे," डॉक्टरीणबाई पडद्यावर बघून म्हणाल्या. "जनुकाच्या दोन प्रती असतात, त्यातल्या एका प्रतीत. पण आता हे नीट ऐका, कारण याचा अर्थ—"

ऐकायला ती थांबलीच नाही. पेंटरच्या हिशेबात भिंतीत ओल सापडली की शोध संपतो. रंग का सुटला हे मग कुणी पुन्हा विचारत नाही. अक्षर आकसतंय हे तिने डोळ्यांनी बघितलं होतं, त्याचं कारण आता मिळालं होतं. तिने थँक्यू म्हटलं आणि ती जिना उतरून रस्त्यावर आली. जगातला सगळा आत्मविश्वास जिच्याकडे होता, त्या बाईला रस्ता ओलांडायला दुसऱ्या माणसाच्या मागे उभं राहावं लागलं.

घरी आईला सांगितल्याशिवाय राहवेना. स्वयंपाकघरात तिने हलक्या आवाजात सांगितलं, पण घर लहान होतं आणि बाबांचा आवाज गेला असला तरी कान शाबूत होते. बुधवारी बाबा दुकानात आले नाहीत. पाठ धरलीय, असं आईने सांगितलं. गुरुवारीही पाठ धरलेलीच होती.

गुरुवारी सकाळी तिने नवऱ्याला सांगून टाकलं, "मी वाचनालयाला नाही म्हणणार आहे."

नवराही पेंटरच, आणि बाबांच्याच हाताखालचा. ही विमा कंपनीतली नोकरी सोडून ब्रश धरायला आली, त्याच महिन्यात तो दुकानात कामाला लागला. बाबांचा रोग कळायच्या आधीची तीन-चार वर्षं दोघं दोन शिड्यांवर टाकलेल्या एकाच फळीवर शेजारी शेजारी उभं राहून शिकले. फळी अरुंद होती म्हणून लग्न झालं, असं तो सगळ्यांना सांगायचा.

"डोकं फिरलंय का तुझं?" तो म्हणाला. "त्या भिंतीसाठी लोक जीव टाकतील."

"अर्धी भिंत झाल्यावर माझं अक्षर बसलं तर? साऱ्या गावासमोर? बाबांना लॉजवाला काय म्हणाला होता, विसरलास?"

"काही बसत नाहीये तुझं अक्षर. उगाच मनात घेतलंयस."

"चल, दाखवते."

तिने त्याला अक्षरशः हाताला धरून नेलं. कोपऱ्यावरच मुलांची शाळा होती, तिच्या कुंपणाच्या भिंतीवर लांबलचक नाव. समोरच्या फुटपाथवर त्याला उभं करून तिने बोट रोखलं.

"बघ. पहिलं बघ आणि शेवटचं बघ. आता म्हण, मनाचे खेळ आहेत."

तो डोळे बारीक करून बघत राहिला. मग कान खाजवत म्हणाला, "बसलंय खरं."

"मग?"

"मग काय? अगं, ही भिंत मी रंगवलीय."

"काहीतरीच!"

"काहीतरीच काय? तू कावीळ होऊन झोपली होतीस तेव्हा. हेडमास्तर रोज चहा पाजायचे, मला चांगलं आठवतंय."

तिने भिंतीकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, पुन्हा भिंतीकडे पाहिलं. दुकानाचं वळण एकच, कुणी काय रंगवलं हे त्यांचं त्यांनाच कधी कधी ओळखू यायचं नाही. त्याच्या मात्र आता नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. माझं अक्षर बसतं म्हणजे काय, म्हणून तो टेप हिसकावून निघाला. लाँड्रीचा बोर्ड त्याचा, चष्म्यांच्या दुकानाचा त्याचा, बस डेपोच्या मागची भिंत त्याची. प्रत्येक ठिकाणी शेवटची अक्षरं बायकोच्या अक्षरांइतकीच बसली होती. तिसऱ्या ठिकाणी त्याने टेप गुंडाळून खिशात टाकली.

"आता सासरेबुवांचं रक्त माझ्यात कुठून शिरलं, ते तुझ्या डॉक्टरीणबाईंना विचार," तो म्हणाला.

तो चिडून बोलला होता, पण तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. रक्त नव्हतंच. दोघांत सारखं काय होतं? ती फळी. तीच तीन-चार वर्षं. बाबा पुढे लिहायचे आणि हे दोघं बघून बघून हात वळवायचे, वरची रेघ न मारता. बाबांचा रोग कळला नंतर, पण हात त्याच्या कितीतरी आधीपासून आकसायला लागला असणार, थोडा थोडा, कुणाच्या लक्षात न येण्याइतका. आणि या दोघा शहाण्यांनी ते आकसणं हीच आपल्या दुकानाची ढब समजून इमानेइतबारे उचलली होती.

खात्री करायला दोघं पोहण्याच्या तलावापाशी गेले. तिथला बोर्ड बाबांच्या भर उमेदीतला, ती शाळेत असतानाचा. रंग उडाला होता, पण पहिल्यापासून शेवटपर्यंत अक्षरं एका उंचीची. मग त्या फळीच्या वर्षांतला बाबांचा एक बोर्ड पाहिला, फर्निचरवाल्याचा. शेवटाकडे दोन बोटं कमी. तिला हसू आलं आणि हसता हसता रडूही आलं. नवऱ्याने रुमाल पुढे केला, त्याला टर्पेंटाइनचा वास येत होता.

"बाबांना सांगू नकोस हं," तो म्हणाला. "त्या वर्षांत आपण सर्वांत उत्तम काम केलं, असं ते मानतात."

तिला बाबांचं वाईट वाटत होतं, फार वाटत होतं. पण दोन दिवस बाबा पाठ धरलीय म्हणून भिंतीकडे तोंड करून पडले होते, आणि ते पाठीमुळे नव्हतं, हे न कळायला ती काही लहान नव्हती.

तेवढ्यात दवाखान्यातून फोन आला. डॉक्टरीणबाई स्वतःच बोलत होत्या. "परवा तुम्ही अर्धंच ऐकून गेलात. उरलेलं ऐकायला या. आईबाबांनाही आणा, त्यांची हरकत नसेल तर तिघांचं एकत्रच सांगते."

दुपारी सगळे तिथे बसले. बाबांना आणायला आईला पाठदुखीचं नाटक मोडून काढावं लागलं होतं. डॉक्टरीणबाईंनी आधी लेकीला कामाला लावलं. बोटांची चिमूट भरभर उघडायला आणि मिटायला लावली, खोलीत चालायला लावलं, मनगट वाकवून पाहिलं. मग पेन देऊन एकच वाक्य पानभर लिहायला सांगितलं. शेवटची ओळ पहिल्या ओळीइतकीच ऐसपैस आली.

"सुंदर अक्षर. पेन धरायला कुणी शिकवलं?"

"शाळेतल्या बाईंनी."

"छान शिकवलं. आज तुमच्यात आजाराची एकही खूण मला दिसत नाही. आता जनुकाचं ऐका." त्यांनी खुर्ची जवळ ओढली. "ड जीवनसत्त्व उन्हातून येतं, खाण्यातून येतं. पण नुसतं येऊन भागत नाही, पेशीने ते धरायला हवं. धरणारा जो भाग असतो, तो कसा बनवायचा याची कृती या जनुकात असते. त्या कृतीत काही लोकांमध्ये एके ठिकाणी जरासा फरक असतो. असा फरक असलेल्यांना पार्किन्सन किंचित जास्त होतो, असं काही अभ्यास म्हणतात. काही म्हणतात, छे, तसं काही दिसत नाही. म्हणून तर मी लोकांना सुया टोचत बसलेय. आणि हा फरक काही जगावेगळा नाही. या इमारतीतल्या निम्म्या लोकांमध्ये सापडेल. माझ्यातही आहे."

"तुमच्यात?" आईने विचारलं.

"आहे ना. शिवाय तुमच्यातही आहे, आणि दोन्ही प्रतींत. लेकीकडे आलाय तो तुमच्याकडून." मग त्या बाबांकडे वळल्या. "तुमच्यात तो नाहीच."

सगळ्यांनी आईकडे पाहिलं. आईचं वय बहात्तर, अजून चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवायची आणि गरम चहाचे चार कप एका हातात धरून एक थेंब न सांडता आणायची.

"म्हणजे आता माझ्यावर आलं का सगळं?" आई म्हणाली. "ज्यांना रोग आहे ते सुटले, आणि मला मेलीला काही झालं नाही, तर मी गुन्हेगार!"

डॉक्टरीणबाई मोठ्याने हसल्या. "कुणीच गुन्हेगार नाही. हेच तर सांगतेय. तुमच्याकडे बघितलं की समजतं, फरक असणं म्हणजे रोग असणं नव्हे. पुढचं मात्र मी कुणालाच लिहून देत नाही, तुम्हालाही नाही आणि मलाही नाही."

बाबा काहीतरी बोलले. आवाज इतका खाली होता, की लेकीला जवळ वाकावं लागलं.

"मला वाटलं," बाबा म्हणत होते, "दुकान दिलं हिला, त्याबरोबर हेही देऊन बसलो."

त्यांचे डोळे भरले होते. तिने त्यांचा थरथरता हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. नवऱ्याने मागून तिच्या पाठीला बोट लावलं, सांगू नको म्हणून. तिने सांगितलं. शाळेची भिंत, बस डेपोची भिंत, तलावावरचा बोर्ड, फर्निचरवाल्याचा बोर्ड, सगळं एका दमात सांगून टाकलं. "बाबा, तुमच्या रक्तातून काही आलं नाही मला. आमची अक्षरं बसतात ती तुमच्याकडून शिकलो म्हणून. आजार तेव्हाच सुरू झाला होता, आणि आम्हाला वाटलं, असंच लिहायचं असतं."

बाबांचा चेहरा आधी कोरा राहिला. मग कान लाल झाले. सहा वर्षांत एवढा खणखणीत आवाज त्यांच्या घशातून निघाला नव्हता.

"म्हणजे मी चुकीचं शिकवलं? आजार झाला, ठीक आहे, तो कुणालाही होतो. पण मी चुकीचं शिकवलं, आणि तुम्ही दोघं गाढवासारखं शिकलात? एकालाही विचारावंसं वाटलं नाही, शेवटचं अक्षर ठेंगणं का म्हणून?"

"तुम्हाला विचारायची कुणाची छाती होती?" जावई म्हणाला.

बाबा नुसते फुरफुरले, मग म्हणाले, "दोन्ही रेघा मारा."

"अं?"

"वाचनालयाच्या भिंतीला. खालची आणि वरची. मला आता घरात पट्ट्या लावून दिल्यात ना जमिनीवर, रंगीत. पट्टी दिसली की पाऊल उचलतं, नाहीतर चिकटून बसतं. रेघेने चालता येत असेल तर लिहिताही येईल. कुबडीबिबडी काही नसतं. मी जरा जास्तच बोललो त्या बाबतीत."

बाबांनी स्वतःची चूक कबूल केल्याचं घरातल्या कुणालाही आठवत नव्हतं. आईने तर डॉक्टरीणबाईंना विचारलं, हेही लक्षण आहे का म्हणून.

शुक्रवारी तिने करार केला. ग्रंथपालांनी, वेळेत होईल ना, असं विचारलं, तेव्हा तिने त्यांच्याकडे असं बघितलं, की त्यांनी घाईघाईने चहा मागवला. पुढच्या आठवड्यात भिंतीवर दोन रेघा उमटल्या. पहिल्या दिवशी तिला त्यांचा जाच वाटला. दुसऱ्या दिवशी शेवटाकडे जाताना हात आपोआप खाली उतरू बघतोय, हे तिला पहिल्यांदा जाणवलं. तिने त्याला वरच्या रेघेपर्यंत नेलं, आणि पुढच्या अक्षराला तो बऱ्या बोलाने गेला. पुढे कधी काय होईल, हे तिला ठाऊक नव्हतं. पण आज हा हात तिचा होता, बिघडला होता तोही शिकण्यात, आणि शिकलेलं मोडून पुन्हा शिकता येतं. या विचाराने तिला इतका आनंद झाला, की शेवटचं अक्षर तिने शीळ घालत पुरं केलं. समोरच्या फुटपाथवरून नवऱ्याने हात वर केला. सगळं एका उंचीचं होतं.

आता उरली फक्त कोपऱ्यात खाली दुकानाची सही. तिने बाबांची खुर्ची भिंतीशी आणून ठेवली आणि बारीक ब्रश त्यांच्या हातात दिला.

"मी?" बाबा म्हणाले.

"दुकान कुणाचं आहे?"

बाबांनी ब्रश रंगात बुडवला. भिंतीला ब्रश लागला तशी बोटांची थरथर पुष्कळ कमी झाली. त्यांनी दुकानाचं नाव लिहायला घेतलं. पहिलं अक्षर बोटभर आलं, दुसरं त्याहून कमी, मग पुढची मुंग्यांसारखी बारीक होत गेली, आणि शेवटचं तर नुसता ठिपका. लिहिताना त्यांना कळलं नाही. ब्रश उचलून मान मागे घेतली तेव्हा कळलं. ते त्या ओळीकडे बघत राहिले.

"पुसून टाक," ते म्हणाले. "दोन रेघा मारून दे. पुन्हा लिहितो."

तिने खाली वाकून सही पाहिली, पहिल्या अक्षरापासून त्या ठिपक्यापर्यंत.

"सही कुणी मोठी करतं का बाबा?" ती म्हणाली. "राहू दे. अगदी बरोबर आहे."

नवरा पुसायचं कापड घेऊन पुढे आला होता. तिने ते त्याच्या हातातून काढून घेतलं आणि आपले हात पुसले.